मैत्रिणीचे व्यक्तिचित्र : गुपित सोडा, बैठक मागा

प्रश्न : माझ्या जिवलग मैत्रिणीचे लग्न सात आठवड्यांवर आले आहे. मी चित्रकला रीतसर शिकले आहे, पण पोट दुसऱ्या कामावर चालते आणि रंग हातात येतात ते सुट्टीच्या दिवशीच. मैत्रिणीचे आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे तैलरंगातले एकत्र चित्र लग्नात भेट द्यायचे मी ठरवले आणि तिला काहीही न सांगता तीन फूट बाय चार फुटांचा कॅनव्हास ताणूनही घेतला. तिने वेळोवेळी पाठवलेली मोबाइलवरची छायाचित्रे एवढाच संदर्भ माझ्याकडे आहे. मैत्रिणीचा चेहरा बरा उतरला आहे. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मात्र मी आजवर दोनदाच भेटले आहे आणि त्याचा चेहरा चार वेळा रंगवूनही लाकडी बाहुल्यासारखाच दिसतो. मैत्रिणीच्या हनुवटीवर लहानपणच्या जखमेचा व्रण आहे, तो दाखवावा की झाकावा हे ठरत नाही. तिला चित्र आवडेल ना, या विचाराने आता ब्रश उचलायलाही भीती वाटते. त्यात आमची आणखी एक मैत्रीण म्हणते की, घरात लावलेच पाहिजे असे वाटायला लावणारी वस्तू कुणाला भेट देऊच नये. ती मला नाउमेद करते आहे की खरे बोलते आहे? चित्र पूर्ण करू की सोडून देऊ?
– अर्ध्या कॅनव्हासवर अडकलेली

उत्तर : चित्र सोडू नका, पण तो तीन बाय चारचा कॅनव्हास आणि त्याच्याभोवती जपलेले गुपित, या दोन्ही गोष्टी आजच बाजूला ठेवा. तुम्ही ज्या अडचणी एकेक करून लिहिल्या आहेत त्या मला वेगवेगळ्या वाटत नाहीत. नवऱ्या मुलाचा लाकडी चेहरा, व्रणाचा पेच, छायाचित्रांवर विसंबावे लागणे आणि ‘आवडेल ना’ ही धास्ती, या सगळ्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे ज्यांचे चित्र काढायचे त्यांनाच त्याचा पत्ता नाही. त्यांना सांगा आणि त्यांच्याकडून दोन बैठका मागून घ्या. लग्नाच्या धावपळीत त्यांना वेळ कुठला, असे तुम्ही म्हणाल; पण दोन तास कुणीतरी आपल्याला काहीही न करता नुसते बसवून ठेवते आहे, ही त्या दिवसांत तक्रार करण्यासारखी गोष्ट खचितच नसते.

चकित करण्यातली गंमत मला समजते. तरी ती कुणाच्या वाट्याला किती येते, याचा थोडा हिशेब करून पाहा. तुम्हाला ती सात आठवडे मिळते. मैत्रिणीला मिळते जेमतेम अर्धे मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटात भोवती पाहुणे उभे असताना तिला आपला चेहरा दुसऱ्याच्या नजरेने पाहायचा असतो, तो आपल्याला पटतो की नाही हे मनाशी ठरवायचे असते आणि त्याच क्षणी आनंद झाल्याचेही दाखवायचे असते. विकत आणलेली वस्तू नावडली तर माणूस ती कपाटात ठेवून मोकळा होतो. व्यक्तिचित्र मात्र ‘तू मला अशी दिसतेस’ असे सांगत असते, त्यामुळे ते नाकारणे म्हणजे मैत्रिणीची नजरच नाकारल्यासारखे होते. तुमची दुसरी मैत्रीण ज्या सक्तीबद्दल बोलते ती या अर्थाने खरी आहे. पण तिचा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण ही सक्ती चित्रामुळे जेवढी येते त्याहून कितीतरी अधिक ते अचानक पुढ्यात येण्यामुळे येते.

भेट म्हणून दिलेले व्यक्तिचित्र किती अंगलट येऊ शकते, याचा एक दाखला प्रसिद्धच आहे. विन्स्टन चर्चिल यांच्या 80 व्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी ग्रॅहम सदरलंड यांच्याकडून त्यांचे चित्र काढून घेतले आणि 30 नोव्हेंबर 1954 रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या समारंभात ते त्यांना अर्पण केले. चित्रकार नावाजलेला होता आणि चर्चिल त्याच्यापुढे बसलेही होते. तरी खुर्चीत रुतलेला जो थकलेला म्हातारा चित्रात होता तो त्यांना मुळीच रुचला नाही. भरसभेत त्यांनी एक खोचक वाक्य टाकून हशा पिकवला आणि वेळ मारून नेली, पण ते चित्र त्यांच्या भिंतीवर कधीच लागले नाही आणि पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेवरून ते नष्ट करण्यात आले. तेव्हा नुसती बैठक घेतली म्हणजे काम फत्ते झाले, असे मी म्हणत नाही. चित्र चालू असताना त्यांना ते पाहू द्या आणि त्यावर बोलू द्या. भरल्या मांडवात पहिल्यांदा पाहण्याची वेळ त्यांच्यावर येता कामा नये.

आता ती छायाचित्रे. आपण स्वतःचा चेहरा आयुष्यभर आरशात, म्हणजे उलटा पाहत असतो, आणि इतर लोक आपला चेहरा सुलटा पाहत असतात. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसल्यामुळे हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही स्त्रियांना त्यांच्याच छायाचित्राच्या सुलट आणि उलट अशा दोन प्रती दाखवल्या, तेव्हा त्यांचा स्वतःचा कौल बहुतेक करून उलट प्रतीला पडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांचा सुलट प्रतीला. म्हणजे तुम्ही अगदी हुबेहूब काढलेले चित्रही मैत्रिणीला पहिल्या नजरेत किंचित परके वाटणार आणि बाकी सगळ्यांना ‘तीच’ वाटणार. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिचा पहिला ‘अं?’ तुमच्या जिव्हारी लागणार नाही.

सेल्फीचा घोटाळा आणखी निराळा आहे. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र काही फोन आरशासारखे उलटे साठवतात तर काही सुलटे, आणि नुसते पाहून ते कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याचे चित्र मी अशाच सेल्फीवरून, आणि तेही गुपचूप, काढले होते. भांग आणि गालावरचा तीळ दोन्ही चुकीच्या बाजूला गेले. स्नेह्याला ते जाणवलेही नाही, पण त्याच्या आईने चित्राकडे पाहून विचारले, “हा याचा भाऊ का?” त्याला भाऊ नाही. तुमच्याकडच्या छायाचित्रांत एखादी पाटी किंवा शर्टवरची अक्षरे दिसत असतील तर ती सुलटी आहेत का, हे आधी तपासा.

दुसरा दोष अंतराचा. हाताच्या अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात नाक पुढे येते, कान मागे सरकतात आणि चेहरा निमुळता होतो, कारण कॅमेऱ्यापासून नाकाचे आणि कानाचे अंतर त्या जवळिकीत प्रमाणाने फार वेगळे असते. छायाचित्रे लागणारच आहेत, कारण माणसे कायम समोर बसून राहणार नाहीत. पण ती तुम्ही स्वतः काढा. दीड-दोन मीटर मागे उभे राहा, पुढे सरकण्याऐवजी झूम वापरा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि एकाच खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. खोलीतले दिवे मालवायला विसरू नका, कारण दोन रंगांचे उजेड चेहऱ्यावर एकत्र आले की त्वचेचा रंग शोधता शोधता तुमचा दिवस जाईल. प्रत्येक स्थितीची दोन-तीन छायाचित्रे कमी-अधिक उजेडात घ्या, कारण कॅमेरा सावल्या काळ्याठिक्कर करतो किंवा कपाळावरची चमक कोरी पांढरी करून टाकतो, आणि चित्रकाराला हवे असलेले नेमके त्या दोन टोकांमध्येच असते.

बैठक कशी घ्यावी, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या चित्राचे भवितव्य तिथेच ठरणार आहे. पहिल्यांदा दोघांना वेगवेगळे बसवा. एकत्र बसवले तर ती दोघे एकमेकांशी बोलतील, आणि तुम्हाला नवऱ्या मुलाची ओळख करून घ्यायची आहे ती राहून जाईल. वीस मिनिटे बसणे आणि पाच मिनिटे उठून फिरणे, असा क्रम ठेवा; न सवयीच्या माणसाला याहून जास्त वेळ मान एका जागी ठेवता येत नाही. खुर्चीचे पाय कुठे होते तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि नजर रोखण्यासाठी समोरच्या भिंतीवर एक खूण करा, म्हणजे उठून आल्यावर पुन्हा तीच स्थिती मिळेल. ईझल असे लावा की, पाच-सहा पावले मागे गेल्यावर माणूस आणि कागद दोन्ही एका दृष्टिक्षेपात शेजारी शेजारी दिसतील. पहिल्या तासात रंगाला हात लावू नका. कोळशाने मोठ्या कागदावर तीन-चार झटपट रेखाटने करा, आणि ती करताना त्यांना बोलते ठेवा. ‘हलू नका’ हे शब्द शक्य तितके टाळा, कारण ते उच्चारताच माणूस छायाचित्रासाठी धरतो तसा चेहरा धरतो आणि तुम्ही जिथून पळून आलात तिथेच परत जाता.

दुसऱ्या बैठकीत रंग घ्या, तेही चित्र पूर्ण करण्यासाठी नव्हे. एका लहानशा बोर्डवर कपाळ, गाल, जबडा, मान आणि केस यांचे उजेडातले आणि सावलीतले रंग नुसत्या ठिपक्यांनी टिपून ठेवा. त्वचेचा असा एक रंग नसतो. बहुतेक चेहऱ्यांवर कपाळाचा भाग थोडा पिवळसर, गाल, नाक आणि कान यांचा भाग तांबूस आणि जबड्याचा भाग थंड, करडा असतो, आणि दाढी केलेल्या पुरुषाच्या जबड्यावर तर निळसर किंवा हिरवट झाक सहज दिसते. छायाचित्रात हे तिन्ही पट्टे बहुधा एकजीव होऊन जातात. तुमचा नवरा मुलगा लाकडी दिसण्यामागे हेही एक कारण असण्याचा मला दाट संशय आहे.

मुख्य कारण मात्र वेगळे असावे. ज्या चेहऱ्याची ओळख नसते तो काढताना आपण डोळा, नाक, ओठ असे सुटे भाग छायाचित्रातून एकेक उचलून आणतो आणि कॅनव्हासवर मांडतो. प्रत्येक भाग बरोबर असतो आणि माणूस मात्र तिथे नसतो. मैत्रिणीच्या बाबतीत असे झाले नाही, कारण तिची मान कुठे कलते आणि ऐकताना तिची भुवई कशी वर जाते हे तुमच्या हाताला ठाऊक आहे. ओळखीचा माणूस रस्त्याच्या पलीकडून, नाकडोळे दिसण्याआधीच आपण ओळखतो तो डोक्याच्या आकारावरून, मानेच्या बैठकीवरून आणि खांद्यांच्या उतारावरून. साम्य तिथून सुरू होते. तेव्हा पाचव्यांदा दुरुस्ती करू नका. नव्या चित्रात त्याचे डोके आधी फक्त दोन छटांत, उजेड आणि सावली एवढ्यातच, डोळे किलकिले करून मांडा. डोळ्यांच्या खोबणी सावलीच्या एकाच तुकड्यात जाऊ द्या आणि बुबुळे शेवटपर्यंत काढू नका. डोळे डोक्याच्या मधोमध असतात, चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी असते, हे शाळेत शिकवलेले ठोकताळे हाताशी ठेवा; पण ते ठेवायचे ते हा माणूस त्यांच्यापासून कुठे फारकत घेतो हे मोजण्यासाठी. आणि चित्र अधूनमधून आरशात पाहा. उलट्या प्रतिमेत वाकडे गेलेले नाक लगेच ओरडून सांगते.

एवढे करूनही जमले नाही, तर चेहरा पुसून टाकायला भिऊ नका. पिकासोने लेखिका गर्ट्रूड स्टाइनचे चित्र 1905 मध्ये सुरू केले आणि तिच्या सांगण्यानुसार त्यासाठी 80-90 बैठका झाल्या. तरी समाधान न झाल्याने त्याने 1906 मध्ये चेहरा पुसला, स्पेनला निघून गेला आणि परतल्यावर ती समोर नसताना केवळ आठवणीतून तो पुन्हा रंगवला. तुमच्याकडे इतक्या बैठकांची चैन नाही, पण युक्ती तीच वापरता येईल. दुसऱ्या बैठकीनंतर दोन दिवस छायाचित्रे मिटून ठेवा, त्याचा चेहरा आठवणीतून कोळशाने काढा आणि मगच छायाचित्र उघडून मापे तपासा. आठवणीने जे फुगवलेले असेल ते बहुधा त्याचे खरे वैशिष्ट्य असते.

हसण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मोबाइलमधल्या छायाचित्रांत दोघेही दात दाखवून हसत असणार, याची मला खात्री आहे. ते हसू सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात टिपलेले असते. चित्रात ते वर्षानुवर्षे तसेच राहते आणि काही दिवसांनी त्याचा ताण पाहणाऱ्याच्या गालांना जाणवू लागतो. एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिने 1787 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या आत्मचित्रात ओठ किंचित विलगून दातांची कड दाखवली होती आणि तेवढ्यावरून जाणकारांनी नाके मुरडली होती. आज त्यावरून कुणी रागावणार नाही, पण दात एकेक करून रंगवले तर तो दातांचा नमुना वाटेल. ओठ मिटलेले ठेवा. हसू हवेच असेल तर ते खालच्या पापणीत आणि गालाच्या वरच्या उंचवट्यात आणा. ओठांच्या कोपऱ्यांच्या कडा मऊ ठेवल्या की बाकीचे काम पाहणाऱ्याची नजर करते.

व्रणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : तो तुम्ही ठरवायचा विषयच नाही. तिला विचारा. हा प्रश्न तुम्हाला कठीण वाटतो आहे तो केवळ गुपितामुळे. तुम्ही मुद्दाम झाकलात तर ‘इतकी वर्षे हिला हा खुपत होता तर’ असे तिला वाटू शकते, आणि ठसठशीत दाखवलात तर पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाईल. बहुतेक माणसे अशा वेळी ‘असू दे, पण फार नको’ असे सांगतात, आणि चित्रकाराला ते सहज साधते, कारण हनुवटीचा तो भाग सावलीच्या बाजूला घेतला की व्रण राहतो आणि बोलत नाही. ‘नकोच’ म्हणाली तर वगळा आणि त्यावर तात्त्विक चर्चा करू नका. हा चेहरा तिचा आहे.

आकाराकडे वळतो. तीन बाय चार फुटांचे चित्र ज्या घरात जाते त्या घरातली एक भिंत ते ताब्यात घेते, आणि नव्याने संसार मांडणाऱ्या दोघांची ती भिंत अजून ठरलेलीही नसते. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीच्या शंकेला सर्वांत चांगले उत्तर लहान चित्र हेच आहे. 40 बाय 50 सेंटीमीटरचा कॅनव्हास आडवा घ्या. मोठ्या माणसाचे डोके माथ्यापासून हनुवटीपर्यंत साधारण 22 सेंटीमीटर भरते. चित्रात ते 14-15 सेंटीमीटरचे ठेवले की दोन डोकी आणि खांदे यांना पुरेशी जागा मिळते. प्रत्यक्षाएवढी काढलेली डोकी भिंतीवर गेल्यावर प्रत्यक्षाहून मोठी भासतात, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. असे चित्र ती दोघे आज बैठकीच्या खोलीत लावतील, उद्या मार्गिकेत हलवतील, परवा पुस्तकांच्या फळीवर टेकवून ठेवतील. त्यांना ती मुभा हवी.

दोघांची रचना करताना डोकी एकाच उंचीवर ठेवू नका आणि मधे मोकळी फट सोडू नका, नाहीतर दोन ओळखपत्रे शेजारी चिकटवल्यासारखी दिसतील. रुबेन्सने 1609 च्या सुमारास, लग्न झाल्यावर लगेचच, स्वतःचे आणि पत्नी इझाबेला ब्रांटचे मधुमालतीसारख्या फुलवेलीच्या मांडवाखाली बसलेले चित्र काढले. त्यात दोघे एकमेकांकडे पाहतच नाहीत. दोघांची नजर आपल्याकडे आहे, तो थोडा उंचावर आहे, ती खाली आहे आणि तिचा हात त्याच्या हातावर अलगद टेकलेला आहे. सारे सांगणे त्या हातांत आहे. तुमच्या लहान कॅनव्हासवर हात मावणार नाहीत, पण एकाच्या खांद्यामागे दुसऱ्याचा खांदा जाऊ दिला आणि दोघांवर उजेड एकाच खिडकीतून पडू दिला तरी पुष्कळ साधते. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या बैठकांत उजेडाची बाजू आणि तास तोच ठेवायचा, तो यासाठी.

सात आठवड्यांत तैलरंग वाळेल का, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. तैलरंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्याला घाई करता येत नाही. पातळ थर हाताला सुकायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो आणि जाड थराला त्याहून कितीतरी अधिक. अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर सुकतो, काळा आणि कॅडमियमचे रंग रेंगाळतात. म्हणून पहिला आठवडा बैठकांना द्या. नंतर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरमध्ये सगळी उजेड-सावली मांडा, मग रंगाचे दोनच थर द्या, खालच्यात तेल कमी आणि वरच्यात अधिक, आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीस ब्रश धुऊन ठेवा. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर पुढे तडे जातात, हे तुम्ही शिकलाच आहात. घाईत नेमके तेच विसरते. उरलेले दोन आठवडे चित्र धूळ नसलेल्या, हवेशीर आणि उजेडाच्या खोलीत ठेवा. अंधारात कोंडलेला तैलरंग पिवळट पडतो.

हे वेळापत्रक कोलमडेल असे वाटत असेल तर आजच जलरंगाकडे वळा, आणि ती माघार समजू नका. सावळाराम हळदणकरांनी हातात दिवा घेतलेल्या आपल्या मुलीचे जे विख्यात चित्र काढले ते जलरंगातलेच आहे. जलरंग चूक झाकू देत नाही, एवढी अट मात्र पत्करावी लागेल. कापसाच्या लगद्याचा, आम्ल नसलेला कागद घ्या आणि फ्रेम करताना काचेचा कागदाला स्पर्श होणार नाही असा माउंट मधे घालून घ्या. माध्यम कोणतेही असो, गालांसाठी जुन्या पद्धतीचा अॅलिझरिन क्रिमसन वापरू नका. तो उजेडात विटतो. जोशुआ रेनॉल्ड्सने उडून जाणारे तांबडे रंग वापरल्यामुळे त्याने रंगवलेल्या कित्येकांचे चेहरे त्यांच्या हयातीतच पांढरेफटक पडले होते. क्विनाक्रिडोनचे तांबडे रंग त्या मानाने पुष्कळ टिकाऊ आहेत.

अर्धवट दाखवायचे ते केव्हा, याबद्दल एक सूचना. उजेड-सावली मांडून झाली की दोघांना बोलावून एकदा दाखवा, आणि शेवटचा थर देण्याआधी पुन्हा एकदा. ‘कसे वाटते?’ असे विचारू नका, कारण त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर नसते. ‘यात तुझ्यासारखे काय नाही?’ असे विचारा, आणि तिच्याबद्दल त्याला व त्याच्याबद्दल तिला विचारा. प्रेमात पडलेल्या माणसाने समोरच्याचा चेहरा तुमच्याहून अधिक वेळ न्याहाळलेला असतो. त्यांचे प्रत्येक म्हणणे ऐकलेच पाहिजे असे नाही. ‘डोळे थोडे मोठे कर’ ही फर्माईश हसून कानाआड करायला हरकत नाही. ‘हा ओठ त्याचा नाही’ असे ती म्हणाली तर मात्र तो ओठ त्याच दिवशी खरडून काढा.

भेट भर समारंभात देऊ नका. लग्नाआधी किंवा नंतर एखाद्या शांत संध्याकाळी त्यांच्या घरी घेऊन जा. आदल्या आठवड्यात वरचा थर चिकट राहिला तर महिनाभराने नेले तरी त्यांना ते येणार आहे हे ठाऊक असल्यामुळे काही बिघडत नाही. तैलचित्राला शेवटचे व्हर्निश लगेच देता येत नाही, त्यासाठी नेहमीच्या पद्धतीत सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते, तेव्हा त्या कामासाठी पुन्हा येईन असे त्यांना सांगून ठेवा. मोठा कॅनव्हास फेकू नका. त्यावर मैत्रिणीचा जो चेहरा जमला आहे तो तुमच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवा, नव्या चित्रात तिच्यासाठी तोच सर्वांत चांगला संदर्भ ठरेल.

आणि मागच्या बाजूला दोघांची नावे, तारीख आणि तुमचे नाव लिहाल तेव्हा ते कॅनव्हासच्या कापडावर शाईने लिहू नका. शाई झिरपून पुढे येऊ शकते. चौकटीच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहा.